देणे : तीन पाकिटे

धंतोलीतले आमचे घर विकायचे, असा निर्णय गेल्या वर्षी झाला. तो अनपेक्षित नव्हता. ज्या गल्लीत लहानपणी वाऱ्याची दिशा बरी असली तर रामकृष्ण मठातली आरती ऐकू येई, तिथे आता रुग्णवाहिका, औषधांची दुकाने आणि उभे राहायला जागा शोधत फिरणाऱ्या मोटारी असतात. व्हरांडा, पुढे कडुनिंब आणि मागे विहीर असलेले बंगले एकामागून एक इस्पितळे होत गेले. आमचे घर या रांगेत जरा उशिरा आले, इतकेच. भावांनी भांडी आणि पलंग वाटून घेतले. मी मराठी शिकवते, म्हणून पुस्तके माझ्या वाट्याला आली. शेवटी उरले ते मागच्या खोलीतले लोखंडी कपाट. त्यात चौदा अल्बम होते आणि अल्बमांत इटलीची फर्स्ट डे कव्हर्स. ‘हे तूच बघ,’ असे सगळे एकमुखाने म्हणाले. त्याचा अर्थ कोणालाच बघायचे नव्हते असा होता. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

फर्स्ट डे कव्हर म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. नवे टपाल तिकीट ज्या दिवशी प्रकाशित होते, त्याच दिवशी ते एका सचित्र पाकिटावर चिकटवून त्यावर खास त्या दिवसापुरता तयार केलेला शिक्का मारतात. आपल्या डाक विभागाच्या पाकिटावर ‘प्रथम दिवस आवरण’ असे हिंदीत छापलेले असते; इटलीच्या शिक्क्यात ‘जोर्नो दी एमिस्सिओने’, म्हणजे प्रकाशनाचा दिवस, अशी अक्षरे असतात. पाकीट बहुधा रिकामे असते. त्यावर पत्ता नसतो, आत पत्र नसते; फार तर पाकीट ताठ राहावे म्हणून घातलेला एक जाड कागद असतो. तिकीट वापरले गेले, पण कुठे गेले नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था. तिकीट शिक्क्याने रद्द करण्याला डाक विभागाच्या माहितीपत्रकात ‘विरूपण’ असा शब्द आहे. विरूपण म्हणजे रूप बिघडवणे. आणि संग्राहकाचा सगळा जीव ते बिघडवणे किती सुबक झाले आहे यात अडकलेला. हा शब्द मला पहिल्यांदा दाखवला तो नानाकाकांनीच. ‘तुमच्या साहित्यशास्त्रात याला काय म्हणतात?’ असे त्यांनी विचारल्याचे आठवते. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही.

नानाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केले नाही. एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, पस्तीसेक वर्षे नोकरी केली आणि धंतोलीच्या घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढले. मधल्या सुटीत सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत जायचे, नव्या तिकिटांची चौकशी करायची, परत येऊन टेबलावर बसायचे. सायकल बर्डीपर्यंत आणि फार तर अजनीपर्यंत जाई. १९६८ साली कोणत्या तरी तिकिटसंग्राहकांच्या मासिकातल्या ‘देवाणघेवाण’ सदरात त्यांना एक पत्ता मिळाला. बोलोन्या शहरातल्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा तो पत्ता. भारताची तिकिटे हवीत, बदल्यात इटलीची देईन, एवढाच मजकूर. काकांनी चार पाकिटे पाठवली. अडीच महिन्यांनी तिकडून चार आली. तिथून पुढे तेहेतीस-चौतीस वर्षे हे चालू होते. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. फोटोंची अदलाबदल झाली असेल, तर मला तरी एकही सापडलेला नाही. पत्रे मोडक्या इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी मोडक्या, आणि बहुतेक कामापुरती.

या व्यवहाराची एक वही होती. लाल कापडी बांधणीची, लांबोडकी. तारीख, काय पाठवले, काय आले, कॅटलॉगातली किंमत, बाकी. लिराचे रुपये कोणत्या दराने धरले तेही समासात. दर वर्षी ३१ मार्चला काका हिशोब बंद करीत आणि जी काही बाकी निघेल ती ‘मागील पानावरून’ म्हणून पुढच्या पानावर ओढीत. घरात या वहीची थट्टा होई. छंदाचाही ऑडिट करणारा माणूस, असे माझे वडील म्हणत.

मात्र इटलीचीच तिकिटे का, आणि त्यातही चित्रकलेची आणि पर्यटनाचीच का? बाईंनी पहिल्या पार्सलात जे पाठवले त्यामुळे, असे काकांचे साधे उत्तर होते. १९६१ मध्ये इटलीने रोजच्या वापरासाठी एक मालिका काढली होती: एकोणीस तिकिटे, आणि सगळ्यांवर मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या आकृती. म्हणजे विजेचे बिल भरणारा आणि मुलीला पत्र टाकणारा माणूस पाकिटावर एखादा प्रेषित किंवा भविष्य सांगणारी सिबिल चिकटवत होता. यातली गंमत काका फार रंगवून सांगत. हे छत मुळी इटलीत नाहीच! ते व्हॅटिकनमध्ये आहे. व्हॅटिकन १९२९ पासून वेगळे राष्ट्र आहे आणि त्याची तिकिटेही वेगळी आहेत. दुसऱ्या देशातले छत इटलीने आपल्या तिकिटावर आणले. शिवाय त्या मालिकेत ५०० लिराच्या तिकिटावर आदम आहे आणि १००० लिराच्या तिकिटावर ईव्ह. ‘बाईची किंमत दुप्पट धरणारं एकमेव सरकार,’ असे ते म्हणत आणि माझ्या आईकडे बघत.

१९७४ पासून इटलीची पर्यटन-मालिका सुरू झाली. वर्षाला थोडीच तिकिटे, प्रत्येकावर एखादे गाव, बेट, किल्ला. पोर्तोफिनोचे बंदर, ग्रादाराचा किल्ला. ग्रादारामुळे काकांनी मला दान्ते सांगितला, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही कबूल करते. ‘डिव्हाइन कॉमेडी’तल्या नरकात वादळाबरोबर फिरत राहणारे पावलो आणि फ्रांचेस्का हे प्रेमी याच किल्ल्यात मारले गेले, असे तिथली परंपरा मानते. एमएला दान्तेचा संदर्भ आला तेव्हा वर्गात मला एकटीला तो किल्ला कसा दिसतो हे ठाऊक होते. डाक तिकिटाएवढा का होईना. पुढे मीना प्रभूंचे ‘रोमराज्य’ वाचताना अनेक गावांची नावे आधी भेटल्यासारखी वाटली, त्याचेही कारण हेच.

काकांकडून तिकडे काय जाई? १९७० साल वहीत ‘फिटंफाट’ असा शेरा मिळालेले एकमेव साल आहे. त्या वर्षी मारिया माँटेसरी यांची जन्मशताब्दी होती. भारतानेही त्यांचे तिकीट काढले आणि इटलीनेही. माँटेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, म्हणून आपल्यालाही त्यांच्यावर हक्क सांगता येतो. एक माँटेसरी गेली, एक माँटेसरी आली. बोलोन्याच्या बाई शिक्षिका, त्यांना याचा केवढा आनंद! आणि १९७५ मध्ये तर कमाल झाली. मायकेलअँजेलोच्या जन्माला पाचशे वर्षे झाली म्हणून भारताने चार तिकिटांचा संच काढला, त्यावर सिस्टाइनच्याच छतावरची विश्वनिर्मितीची चित्रे. साल १९७५, महिना जून. त्याच महिन्यात देशात आणीबाणी आली. दिल्लीत कोण पकडले गेले याची कुजबुज चालू असताना आमचे काका जीपीओच्या रांगेत उभे राहून आदमाची निर्मिती विकत घेत होते. ती पाकिटे त्यांनी बोलोन्याला धाडली. गंगेचे पाणी गंगेलाच वाहण्यातला हा प्रकार. पण बाईंनी ती शाळेत लावल्याचे कळवले होते.

इथे नागपूरच्या उन्हाळ्याविषयी लिहिलेच पाहिजे, कारण त्याशिवाय या छंदाची किंमत कळणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. हवा इतकी कोरडी की खरे तर कागदाला ती मानवावी. पण नागपूरकर माणूस एप्रिलपासून कूलर लावतो. खिडकीत वाळ्याच्या ताट्या, त्यावरून ठिबकणारे पाणी, खोलीभर तो ओलसर गार वास. माणसांना स्वर्ग, तिकिटांना मरण. तिकिटामागचा डिंक सुटतो, पाकीट वाकते, आणि पावसाळा संपेपर्यंत कागदावर तांबूस ठिपके उमटतात, ते मग कशानेही जात नाहीत. काकांनी यावर काढलेला उपाय असा: त्यांनी आपल्या खोलीत कधीही कूलर बसवू दिला नाही. ओला पंचा डोक्यावर टाकून, टेबलफॅनसमोर, तेही अल्बम उघडा असेल तर पंखा बंद करून, ते दुपारभर बसत. हातात चिमटा आणि भिंग. एका तिकिटावर एक दुपार. मला ते तेव्हा नुसते विक्षिप्त वाटे. समोरच्या खोलीत कूलरखाली बसून मी साठोत्तरी कविता वाचत असे आणि दार लावून घेई, म्हणजे ओल त्यांच्याकडे जाणार नाही. एवढाच माझा त्या संग्रहाला हातभार.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

२००२ ची १ जानेवारी आली आणि इटलीत लिराच्या नोटा जाऊन युरोच्या आल्या. १९९९ पासून तिकिटांवर लिरा आणि युरो अशा दोन्ही किमती छापल्या जात होत्या; आता नुसता युरो राहणार होता. काकांनी वहीत १ युरो = १९३६.२७ लिरा असा अधिकृत दर शेवटच्या दोन अंकांसकट लिहून ठेवला आणि संग्रह इथे थांबवायचा असे ठरवले. लिरा संपला, आपणही थांबू. बाईंचे शेवटचे पार्सल जानेवारीत आले, २००१ ची तीन पाकिटे. काकांनी उलट टपाली तीन भारतीय पाकिटे नोंदणीकृत डाकेने पाठवली. सात आठवड्यांनी ती परत आली.

त्या दुपारी मी एका निबंधाच्या तयारीत होते. काका दारात उभे राहिले. हातात ते तपकिरी पाकीट. ‘बेटा, हे परत आलं बघ,’ म्हणाले. त्यावर एक इटालियन शिक्का होता. ‘अल मित्तेन्ते’, प्रेषकाकडे परत. मला वाटले, नेहमीप्रमाणे नवा शिक्का दाखवायला आले आहेत. मी तेवीस वर्षांची होते, आणि ‘संहिता’, ‘वाचक’, ‘संप्रेषण’ हे शब्द नुकतेच हाती लागले होते. मी त्यांना एक व्याख्यानच दिले. ज्याला लिहिणारा नाही आणि वाचणारा नाही ते पत्र कसले; न प्रवास केलेल्या पाकिटांची चौदा पुस्तके जमवून माणूस इटली पाहतो की इटली टाळतो, वगैरे. वाक्ये आवडल्यामुळे थांबवले नाही. शेवटी म्हणाले, ‘इटलीचं राहू द्या नानाकाका, तुम्ही अजिंठा तरी पाहिलात का?’

‘पाहिला न,’ ते म्हणाले. ‘तीन पैचा.’ आणि गेले.

हे उत्तर मी पुढे कितीतरी वर्षे गमतीदार किस्सा म्हणून स्टाफरूममध्ये सांगितले. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताने सोळा तिकिटांची जी पुरातत्त्व-मालिका काढली, तिच्यातले सर्वांत स्वस्त, तीन पैचे तिकीट अजिंठ्याचे होते. काका तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांच्या संग्रहातले ते पहिले तिकीट. याच मालिकेतल्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी छापली गेली, डावे उजवे झाले, आणि १९५० मध्ये सरकारला ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढावे लागले. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवून काका मुलांना विचारत, फरक सांगा. आम्ही कधी ओळखला नाही. मी तर नाहीच.

२०१९ च्या मे महिन्यात एका सहलीबरोबर मी रोमला गेले. सिस्टाइन चॅपेलमध्ये आम्हाला जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. छत जवळजवळ वीस मीटर उंच. खाली माणसांचा चिखल, रखवालदार मधूनमधून शांत राहायला बजावतात, फोटो काढायला बंदी. मान दुखेपर्यंत वर पाहिले. १९८० ते १९९४ या काळात झालेल्या सफाईनंतर तिथले रंग लख्ख झाले आहेत. काकांच्या तिकिटांवरच्या एकरंगी, काळवंडलेल्या आकृती तिथे नव्हत्या. मला डेल्फीची सिबिल शोधायची होती. ती सापडली आणि लगेच पुढे ढकलली गेले. बाहेर आल्यावर लक्षात आले की तिचे डोळे कुठल्या बाजूला वळलेले आहेत हे मला आठवत नव्हते. काकांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, पण ते जाऊन आठ वर्षे झाली होती. जाणे आणि पाहणे यांतले नाते मी समजत होते तितके सरळ नाही, एवढे त्या फुटपाथवर मला कबूल करावे लागले. तरी तिकिटावर पाहिलेले छत म्हणजे छत नव्हे, या मतावर मी आजही आहे. काकांशी भांडायला ते हवे होते.

अजिंठ्याच्या बाबतीत तर त्यांच्याकडे आणखी एक मुद्दा होता, जो त्या दुपारी त्यांनी मांडला नाही. अजिंठा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९२० ते १९२२ या काळात, निजाम सरकारने भित्तिचित्रांच्या जतनासाठी लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ इटलीहून आणले. भिंतीपासून सुटू लागलेले गिलाव्याचे पापुद्रे त्यांनी पुन्हा चिकटवले. चित्रांवर त्यांनी रोगणाचा जो हात दिला, तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या पिढ्यांना तो काढत बसावे लागले. वाचवलेही आणि पिवळेही केले. काकांनी हे सगळे बाईंना एका पत्रात लिहिले होते, कार्बन ठेवून. ती प्रत वहीत आहे. बाईंचे उत्तरही आहे. ही नावे मी कधी ऐकली नव्हती, पण पिवळ्या रंगाबद्दल क्षमस्व, असे त्यात एक वाक्य आहे. माझ्या व्याख्यानात ज्या संप्रेषणाचा अभाव होता, ते इथे घडलेले होते, सोळा वर्षांपूर्वी, माझ्याच घरात, भिंतीपलीकडे.

कपाट रिकामे करताना मी ती वही पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. २००२ च्या पानावर ‘पाठवले : ३’ ही नोंद लाल शाईने खोडलेली आहे, पुढे ‘परत’. त्याखाली ३१ मार्चच्या तारखेला ‘देणे : तीन पाकिटे’. नंतर २००३, २००४, २००५. प्रत्येक वर्षाला एक पान, प्रत्येक पानावर एकच ओळ, ‘मागील पानावरून, देणे : तीन पाकिटे’. अक्षर हळूहळू थरथरत गेलेले. बाईंचे काय झाले हे त्यांना कळले नव्हते, आणि त्या दुपारी ते मला शिक्का दाखवायला आलेले नव्हते. ज्या एकमेव माणसाशी ते चौतीस वर्षे लिहून बोलले, त्याचा पत्ता पुसला गेला होता. आणि घरात लिहिण्याबोलण्याचा अभ्यास करणारी मी एकटीच होते, म्हणून माझ्याकडे आले होते.

२०१० च्या मे महिन्यात डाक विभागाने जुन्या डाक इमारतींची सहा तिकिटे काढली: दिल्ली, लखनौ, सिमला, कूचबिहार, उदगमंडलम आणि नागपूर. आमचे जीपीओ तिकिटावर आले. सत्तर वर्षांचे काका भर उन्हात रिक्षाने गेले, याबद्दल घरात आरडाओरडा झाल्याचे मला आठवते. वहीत त्या महिन्यातली नोंद अशी आहे: ‘बाजूला ठेवली : ३, नागपूर जीपीओ.’ ज्या इमारतीतून सगळी पार्सले गेली तिचेच तिकीट बाईंना द्यायचे होते. पण बाजूला ठेवणे म्हणजे फेडणे नव्हे, हे हिशोबनीसाला कळते. म्हणून ३१ मार्च २०११ च्या ओळीत देणे तसेच आहे. त्या पावसाळ्यात काका गेले.

एक व्यापारी येऊन अल्बम पाहून गेला. सज्जन माणूस होता. खोटे बोलला नाही. १९६१ ची काही पाकिटे सोडली तर या काळातल्या कव्हरांना विचारणारे नाही, म्हणाला. जी रक्कम त्याने सांगितली तिच्यात आमच्याकडचा जुना कूलर दुरुस्त झाला असता. अल्बम मी माझ्याकडे आणले आहेत. ते जिथे आहेत त्या खोलीत कूलर नाही. नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण बोलला नाही.

नागपूर जीपीओची ती तीन पाकिटे मी यंदाच्या जानेवारीत बोलोन्याला पाठवली. पत्ता जुनाच, नावाखाली ‘किंवा वारस’ असे जोडून. दोन ओळींची चिठ्ठी लिहायला मला तीन दिवस लागले. खिडकीवरच्या मुलीने सीमाशुल्काचा फॉर्म पुढे केला. आत काय आहे, किंमत किती. ‘काहीतरी लिहा मॅडम, रिकामा चालत नाही,’ ती म्हणाली. काकांनी वहीत खरेदीची किंमत लिहून ठेवली होती, तीच लिहिली. ३१ मार्चपर्यंत पार्सल परत आलेले नव्हते आणि पोचही नव्हती. पोचेवाचून खाते बंद करता येत नाही. संध्याकाळी वही काढली आणि मधली कोरी राहिलेली पाने सोडून, ‘मागील पानावरून, देणे : तीन पाकिटे’ ही ओळ माझ्या अक्षरात पुढे ओढली.